चिंधी नसलेली ओळ

सूर्यभान लवांडे सरांच्या तासाला कुणी झोपत नसे, आणि ही गोष्ट ते स्वतःच येईल त्याला सांगत. विद्यापीठाचं ते केंद्र नगर जिल्ह्याच्या नकाशात शोधायला जाऊ नका, सापडायचं नाही. एक दुमजली इमारत, मागे वसतिगृह, फाटकाबाहेर चहाच्या दोन टपऱ्या आणि चारी बाजूंनी ज्वारीचे प्रयोग, एवढाच त्याचा पसारा. तिथे सर एकतीस वर्षं पीकपैदास शिकवत आले होते. दोन वाणांचा संकर करायचा आणि त्यातून तिसरं काही बरं निघतं का ते पिढ्यान्‌पिढ्या बघत राहायचं, असं हे चिकाटीचं शास्त्र. शिकवायला तसं रुक्षच. पण सर बाह्या सरसावून फळ्यापुढे उभे राहिले की ज्वारीचं लग्न लागायचं, सोयरीक जमायची, मानपान व्हायचे, सासूची खोड नातवात कशी उतरते ते कळायचं आणि मुलं पोट धरधरून हसायची.

त्यांची पद्धत ठरलेली होती. व्याख्या इंग्रजीत, समजूत मराठीत. व्याख्या फळ्यावर लिहून झाली की खडू खाली ठेवायचे, हात झटकायचे आणि म्हणायचे, "आता हे काय आहे, ते सांगतो." ह्या 'आता'नंतरचा तास मराठीत चाले.

हा आळस होता असं कुणी म्हणेल तर मी भांडायला उठेन. सर तिसगावचे. बारावीपर्यंत सगळं मराठीत शिकले आणि शेतकीच्या कॉलेजात पहिल्याच दिवशी इंग्रजी अंगावर आलं. सहा महिने हा मुलगा मान हलवत बसला. हजेरीला 'येस सर' म्हणायचा, त्यापलीकडे तोंड उघडायचा नाही. विचारायचं तर इंग्रजीत विचारावं लागेल, म्हणून विचारायचंच नाही. शेवटी बिभीषण नावाच्या वरच्या वर्गातल्या मुलानं रोज संध्याकाळी त्याला समोर बसवून सगळं मराठीत सांगितलं, तेव्हा कुठे गाडी रुळावर आली. त्याच वेळी सूर्यभाननं मनाशी गाठ मारली, की आपण मास्तर झालो तर खेड्यातलं पोरगं आपल्या वर्गात मुकं बसणार नाही. ही गाठ त्यांनी एकतीस वर्षं सुटू दिली नाही. त्यांचे जुने विद्यार्थी आजही बायकामुलांना घेऊन भेटायला येत आणि वाकून पाया पडत.

वर्ग मात्र हळूहळू बदलत गेला. देशभरची एकच प्रवेशपरीक्षा झाली, परदेशी मुलांना जागा ठेवल्या गेल्या. सरांच्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी एम. एस्सी.च्या वर्गात चौदा मुलं होती आणि त्यातली मराठी अवघी सहा. दोघं केरळचे, दोघं तेलंगणाचे, एक राजस्थानचा, एक नेपाळचा, एक लिंथोई नावाची मणिपूरची मुलगी, आणि नीमा. नीमा टांझानियाची, डोडोमाकडची. तिकडेही पाऊस कमी आणि ज्वारी हेच पीक. वडील खेड्यातल्या चर्चमध्ये पाळक होते. ही मुलगी पहिल्या बाकावर बसायची आणि सर व्याख्या लिहीत तेव्हा शब्दन्‌शब्द वहीत उतरवून घ्यायची. पुढे 'आता' सुरू झालं की पेन खाली ठेवून सरांकडे बघत राहायची. मराठी मुलं हसली की तीही थोडी हसायची.

सरांना वाटायचं, पोरीला आपलं शिकवणं आवडतं.

नोव्हेंबरात विभागप्रमुख सायमन उजगरे सरांनी त्यांना खोलीत बोलावलं. उजगरे नगरचेच, वयानं आठ वर्षांनी लहान, बोलायला मऊ. मुलांनी मास्तरांबद्दल नाव न घालता मत लिहून द्यायचं, असा एक प्रकार आता निघाला आहे. त्यातल्या तीन चिठ्ठ्या त्यांनी टेबलावर सरकवल्या. दोघांनी लिहिलं होतं की अर्धा तास काही समजत नाही. तिसऱ्या चिठ्ठीत एकच ओळ होती: सर छान शिकवतात, पण आम्हाला नाही.

"मुलं आहेत, लिहितात," उजगरे म्हणाले. "पण सर, जानेवारीअखेर दुसरी फेरी आहे. तेव्हाही हेच आलं तर हा विषय मला ज्ञानेश्वरीकडे द्यावा लागेल. वरून विचारणा होते."

ज्ञानेश्वरी नेवाशाची, सरांचीच विद्यार्थिनी. चांगली शिकवते असं सर स्वतःच म्हणत. पण हा विषय गेला तर सरांकडे दुसरा वर्ग उरत नव्हता. पुढच्या सत्रात निवृत्तीची कागदपत्रं करायला म्हणून त्यांना मोकळं ठेवलं होतं आणि जूनमध्ये तर हार-तुरेच. म्हणजे जे काही शिकवायचं ते ह्या चौदा जणांना, फेब्रुवारीपर्यंत. शेवटचा वर्ग आपल्या हातून काढून घेतला गेला, ही गोष्ट घेऊन घरी बसायला सर तयार नव्हते.

घरी त्यांनी मालनबाईंना सांगितलं. मालनबाई म्हणाल्या, "मग विंग्रजीत शिकवा की. येतं न्हवं तुमाला?"

"येतं गं. पन विंग्रजीत मला हसवता येत न्हाई."

"हसवायचा पगार देत्यात व्हय?" असं म्हणून मालनबाई भाकरीकडे वळल्या. सरांना राग आला. दोन दिवस ते त्यांच्याशी कामापुरतंच बोलले.

पुढच्या तासांना त्यांनी प्रयत्न केला, नाही असं नाही. पण इंग्रजीत बोलताना सरांचा आवाज खाली जायचा, हात खिशात जायचे आणि मराठी मुलं एकमेकांकडे बघायची. पुणतांब्याचा हर्षल एकदा म्हणालाच, "सर, तुमची तब्येत बरी आहे ना?" आठवडाभरात गाडी पुन्हा जुन्या वाटेला लागली.

मग सरांना हुरड्याची युक्ती सुचली. आपल्याकडे माणूस दुखावला की त्याला समजावत बसत नाहीत, जेवायला बोलावतात. सरांचाही त्याच औषधावर भरवसा. जानेवारीचा पहिला आठवडा होता, ज्वारी दुधातून हुरड्यात आली होती. बाहेरून आलेल्या पोरांना रानात न्यावं, आगटी पेटवावी, गरम हुरडा खाऊ घालावा. एकदा माणसं मांडीला मांडी लावून बसली की चिठ्ठ्याबिठ्ठ्या कोण लिहितो?

शेतावर झुंबरबाई होत्या. वीस वर्षं रोजंदारीवर, खुरपण्यापासून कणसांना पिशव्या घालण्यापर्यंत सगळं त्यांच्या हातचं. सर त्यांना म्हणाले, "झुंबरबाई, पोरं लांबून लांबून आलीयेत. पाव्हन्यांला चांगलं खायला घाला."

"तुमी नका काळजी करू," झुंबरबाई म्हणाल्या.

आणि त्यांनी खरोखरच काळजी करायला जागा ठेवली नाही. खड्ड्यात गोवऱ्यांचा विस्तव फुललेला, त्यात कणसं खुपसलेली. भाजलेलं कणीस झुंबरबाई हातावर चोळत आणि हिरवे, मऊ, वाफाळते दाणे एकेकाच्या पुढ्यात टाकत. सोबत लसणाची चटणी, गूळ, दही. केरळच्या मुलांनी चटणीला हात लावला आणि पाण्याला धावले. लिंथोईला चटणी एवढी आवडली की तिनं गूळ परत केला. नीमानं मूठभर दाणे तोंडात टाकले आणि डोळे मिटून घेतले. त्यांच्याकडे ज्वारी वाळली की दळायची आणि पिठाचं घट्ट शिजवून खायचं. हिरवी अशी भाजून कुणी खात नाही, असं ती म्हणाली. आईला फोनवर सांगणार होती.

"गोड आहे ना?" सरांनी इंग्रजीत विचारलं.

"फार गोड."

सरांनी हेच आणखी दोनदा विचारलं, कारण उत्तर ऐकायला त्यांना बरं वाटत होतं. उन्हं कलली तशी मुलं आपापल्या भाषेतली गाणी म्हणू लागली. सर पायजम्याची माती झटकत घरी आले आणि मालनबाईंना म्हणाले, "मिटलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी नीमा नेहमीप्रमाणे वही घेऊन आपल्या ओळीवर गेली. ह्या विषयात प्रत्येक मुलाला संकराच्या दुसऱ्या पिढीची एक ओळ दिलेली असते, चाळीस झाडांची. झाडागणिक उंची मोजायची, कणीस केवढं भरलं ते बघायचं, शेवटी दाण्यांचं वजन करून सगळं नोंदवून द्यायचं. विषयाचे निम्मे गुण त्यावर. नीमाच्या चाळीस झाडांपैकी एकोणतीस झाडांना कणसंच नव्हती. आणि जी गेली होती ती नेमकी भरदार, टपोरी. कापाच्या खुणा ताज्या होत्या.

ती रडली नाही. बांधावर बसली आणि वहीत झाडांचे नंबर लिहून प्रत्येकापुढे फुली मारत गेली. सर पोचले तेव्हा तिच्या तेवीस फुल्या झाल्या होत्या.

मग शेताचे अधीक्षक हनुमंतराव आले, त्यांच्यामागून मुलं आली, आणि झुंबरबाईंना बोलावणं गेलं. हनुमंतरावांचा आवाज मुळातच चढा. "बाई, डोळे हाईत का न्हाईत? पोरीचा प्रयोग खाऊन टाकला सगळ्यांनी."

झुंबरबाईंनी ओळीकडे पाहिलं, मग सरांकडे. "सायब, मी वीस वर्सं हितं राबते. चिंधी बांधल्याल्या ओळीला कधी हात लावला न्हाई. हिला चिंधी न्हवती. बगा की तुमीच."

खरंच नव्हती. बाकीच्या तेरा ओळींच्या पहिल्या झाडाला फडक्याची एकेक पट्टी बांधलेली होती. कुणाची लाल, कुणाची जुन्या बनियनची. लिंथोईच्या झाडाला तर केसांची गुलाबी रिबन होती. ही त्या शेतावरची जुनी रीत. नंबरांच्या चिठ्ठ्या जिकडेतिकडे लटकलेल्या असतात, गेल्या साली कामाच्या होत्या त्याही तशाच असतात, आणि इंग्रजीतले ते आकडे वाचत बसायला मजुरांना वेळ नसतो. त्यांच्या लेखी चिंधी असली की ओळ राखलेली, नसली की मोकळी. मोकळ्या ओळीतलं सगळ्यात चांगलं कणीस पाहुण्याला. झुंबरबाईंनी रीतीला सोडून काहीच केलं नव्हतं.

सर नीमाकडे वळले. "चिंधी का नाही बांधली?"

"कसली चिंधी, सर?"

"ही. मी वर्गात सांगितलं होतं."

नीमा गोंधळून इतरांकडे बघू लागली. तेवढ्यात हर्षल हळूच म्हणाला, "सर, ते तुम्ही मराठीत सांगितलं होतं. जाता जाता."

सरांना तो दिवस लख्ख आठवला. डिसेंबरातला. उंची कशी मोजायची, नोंद कशी करायची, सगळं त्यांनी त्या दिवशी मुद्दाम इंग्रजीत सांगितलं होतं आणि स्वतःवर खूश होऊन दाराशी गेले होते. दारातून वळून म्हणाले होते, "अन्‌ हो, चिंध्या बांधा रे आपापल्या ओळींना, न्हाईतर बाया कापून नेतील." मराठी मुलं हसली होती.

"मग तुम्ही कशा बांधल्या?" त्यांनी बाकीच्यांना विचारलं.

राजस्थानचा मुलगा म्हणाला, शेजारच्या ओळीला होती म्हणून. केरळची दोघं म्हणाली, हर्षलनं बांधली म्हणून. लिंथोई म्हणाली, तिला वाटलं इथली काहीतरी पूजा असेल, पिकाला बरं असेल, म्हणून तिनं केसांतली रिबन सोडून बांधली.

"मलाही तसंच वाटलं," नीमा म्हणाली. "मला वाटलं ही तुमची पूजा आहे. माझी नाही. आपली नसलेली पूजा खोटी खोटी करू नये, असं मला घरी शिकवलंय. म्हणून मी बांधली नाही."

ती हे तक्रारीच्या सुरात बोलली नव्हती. विचारलं म्हणून सांगितलं होतं. सर बांधावर तिच्याशेजारी बसले.

दुपारी हनुमंतरावांचा अहवाल तयार झाला. चिंधी बांधली नाही हा विद्यार्थिनीचा निष्काळजीपणा, न विचारता कणसं तोडली हा मजूर बाईचा. बाईला कामावरून कमी करावं. विद्यार्थिनीला प्रात्यक्षिकाचे गुण देता येणार नाहीत. निम्मे गुण गेले म्हणजे विषय गेला, आणि एक जरी विषय गेला तरी नीमाची शिष्यवृत्ती थांबून तिला परत जावं लागणार होतं. अहवालावर विषयशिक्षक म्हणून लवांडे सरांची सही तेवढी राहिली होती.

उजगरे सरांनी दार लावून घेतलं. "सर, तुम्ही सही केलीत तर मी काही विचारणार नाही. झालं ते झालं. पण तुम्ही वेगळं काही लिहून दिलंत, सूचना मराठीत दिली होती वगैरे, तर मात्र माझा नाइलाज आहे. तीन चिठ्ठ्या आधीच फायलीत आहेत. मला तुमचा तास काढून घ्यावाच लागेल. सोमवारपर्यंत बघा."

सर कागद घेऊन घरी आले. दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळपासून ते ओट्यावर कागद पुढ्यात घेऊन बसले होते, पेनचं टोपण काढत होते आणि लावत होते. मालनबाई शेजारी मेथी निवडत बसल्या होत्या. शेवटी सरांचा संयम सुटला.

"एवढी शिकल्याली पोरं! एका पोरीला तोंड उघडून विचारता आलं न्हाई, का बांधताय म्हनून? विचारलं असतं तर मी सांगितलं नसतं का?"

मालनबाईंनी मेथीची जुडी खाली ठेवली. "तुमी विचारलं हुतं का? कालेजात? सा म्हैने बसला हुता की मुंडी हलवत. मलाच शंभरदा सांगितलंय."

आपल्याला त्या सहा महिन्यांचा विसर पडला नव्हता, उलट त्याच सहा महिन्यांच्या जिवावर आपण एकतीस वर्षं मराठीत शिकवत आलो, आणि समोर पहिल्या बाकावर तसंच एक पोर बसलेलं आपल्याला दिसलं नाही, ह्याची सरांना मनापासून लाज वाटली. ती मराठी नव्हती, म्हणून ती खेड्यातली आहे हेही त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं.

त्यांनी हनुमंतरावांचा कागद बाजूला ठेवला आणि कोरा कागद घेतला. इंग्रजीत लिहायला बसले. दुपारचं जेवण होईपर्यंत पाच वाक्यं झाली, आणि तीही चार कागद फाडून. ओळीला चिंधी बांधण्याची सूचना मी मराठीत दिली. विद्यार्थिनीला मराठी येत नाही हे मला माहीत होतं. मजूर बाईनं शेताच्या रीतीप्रमाणे काम केलं. माझ्याकडे राखीव म्हणून लावलेली ह्याच संकराची एक ओळ आहे, ती विद्यार्थिनीला द्यावी. चूक माझी आहे. अलंकार नाहीत, सबबी नाहीत. एवढं सोपं इंग्रजी सरांनी आयुष्यात लिहिलं नव्हतं. खाली सही करून त्यांनी कागदाची घडी घातली.

पुढचं सगळं पटकन झालं. झुंबरबाई मंगळवारी पुन्हा खुरपं घेऊन कामावर आल्या. त्या सरांना एवढंच म्हणाल्या, "माज्यापायी तुमचं नुसकान झालं म्हनं." सर म्हणाले, "तुमच्यापायी न्हाई, झुंबरबाई." नीमाला राखीव ओळ मिळाली. उंचीची मापं सरांनी आपल्या वहीत ठेवलीच होती, ती तिनं उतरवून घेतली. आणि विषय ज्ञानेश्वरी मॅडमकडे गेला. मराठी मुलं चिडली, सह्यांचा अर्ज करायचं म्हणू लागली. सरांनी त्यांना टपरीवर नेऊन चहा पाजला आणि अर्ज फाडायला लावला. ज्ञानेश्वरीनं आपण होऊन उजगरे सरांकडून एक तास मागून घेतला. शनिवारचा शेवटचा तास सरांनी घ्यावा, सोमवारपासून ती.

शनिवारी सर वर्गात आले. कडक इस्त्रीचा शर्ट घातला होता. विषय सत्राच्या सुरुवातीचाच, मुद्दाम पुन्हा घेतलेला: शेतातल्या झाडांत जो फरक दिसतो त्यातला बियाण्याचा किती आणि जमिनीचा किती, हे कसं ओळखायचं. ह्या धड्यावर सरांची फार जुनी गोष्ट होती, दोन भावांची. एकतीस वर्षं ह्या गोष्टीला हमखास हशा पडत आला होता. त्यांनी व्याख्या लिहिली, खडू ठेवला, हात झटकले. मग जरा थांबून इंग्रजीत विचारलं, "ही व्याख्या कुणाला समजली नाही?"

असं त्यांनी पूर्वी कधी विचारलं नव्हतं. 'समजलं ना?' असं विचारायचे, आणि त्याला माना हलायच्या. आता कुणीच हललं नाही. मग नीमानं हात वर केला. तिच्यामागे लिंथोईनं, मग केरळच्या दोघांनी. सरांची तयारी होती एवढ्याची. पण मग मराठी बाकांवरून मोनिकाचा हात वर आला, आणि तिच्यामागून हर्षलचा.

"तुला रे काय झालं?" सर मराठीत बोलून गेले. "सत्राच्या सुरुवातीला हे मी मराठीत सांगितलंय. हसला होतास की."

हर्षल उभा राहिला. त्याचे कान लाल झाले होते. "हसलो होतो सर. गोष्ट भारी आहे. मी घरी आईलाही सांगितली. पण बियाण्याचा भाग वेगळा कसा काढायचा, ते नाही कळलं. तुमच्या तासाला इतकं छान वाटतं की विचारायचं राहूनच जातं."

तो बोलेपर्यंत एकेक करत चौदाही हात वर झाले होते. सर उभ्याउभ्या मोजत होते.

त्यांनी त्या दिवशी गोष्ट सांगितली नाही. वर्गाला घेऊन खिडकीशी गेले आणि बाहेरच्या दोन ओळी दाखवल्या, एकच वाण, पण एक पाण्याच्या पाटाजवळची, दुसरी मुरमावरची. इंग्रजीत, छोट्या छोट्या वाक्यांत विचारलं, हा फरक कशाचा? मग म्हणाले, आता आपल्या शेजाऱ्याला सांगा, जी भाषा येईल तीत. वर्गात एकदम गलका झाला. मल्याळी, तेलुगू, हिंदी, नेपाळी, मराठी. नीमा आणि लिंथोई अर्धं इंग्रजी आणि अर्धं बोटांनी बोलत होत्या. सरांना त्यातलं बरंचसं कळत नव्हतं. आपल्याच वर्गात आपल्याला काही कळत नाही, असं पहिल्यांदाच घडत होतं, आणि शब्द कळत नव्हते म्हणून ते तोंडांकडे बघत होते. राजस्थानच्या मुलाच्या कपाळाला आठी पडलेली त्यांना दिसली. मोनिकाचे ओठ एकदम थांबले आणि चेहरा उजळला, तेही दिसलं. असे चेहरे आजवर समोर होतेच की, असं त्यांना वाटून गेलं.

मग एकेकाला फळ्याशी बोलावून आकृती काढायला लावली. कुणाची चुकली की दुसरं उदाहरण द्यायचे, पुन्हा शेजाऱ्याकडे पाठवायचे. तास कूर्मगतीनं चालला होता, हशा एकदाही पडला नाही. नीमानं काढलेली आकृती बरोबर होती. तिनं खडू सरांच्या हातात दिला आणि म्हणाली, "आता कळलं, सर." तिच्यानंतर दोघांची बरोबर आली, मग एकाची चुकली, आणि वेळ संपला. बाहेर दुसऱ्या वर्गाची मुलं येऊन उभी राहिली होती. सरांनी फळा पुसला, सगळ्यांना नमस्कार केला आणि ते निघाले.

घरी मालनबाईंनी चहा पुढं केला. "झाला का तास?"

"झाला."

"काय म्हनली पोरं?"

"नऊ जनांना कळलं."

"कितींतल्या?"

"चौदा." सरांनी कप हातात घेतला आणि तसाच धरून बसले. "पाच राहिले. हर्षल राहिला. तो राजस्थानचा राहिला. तेलंगनातली दोघं राहिली. नेपाळचा जवळ आला हुता, अजून धा मिन्टं असती तर त्याचं झालं असतं. आता ते माझ्याकडं न्हाईत."

"ज्ञानेश्वरी करंल की त्यांचं."

"करंल. तिला मी नावं लिवून दिलीत."

मालनबाईंनी सहज विचारलं, "आन्‌ मागल्या साली किती राहिले हुते?"

सर त्यांच्याकडे बघत राहिले. मागल्या सालचे चेहरे त्यांनी आठवून पाहिले, त्याच्या मागल्या सालचे आठवले. सगळे हसतच होते.

"ठावं न्हाई," ते म्हणाले. आपल्याला रडू येतंय हे त्यांना मालनबाईंनी हातातला कप काढून घेतला तेव्हा कळलं.